डी. एस. ढोक नावाचा एकच माणूस

माझ्या वडिलांच्या नावावर एकसष्ट शोधनिबंध जमा झाले ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. त्याआधीची एकोणनव्वद वर्षं त्यांच्या नावावर एकच निबंध होता, आठ पानांचा, मराठीत. आणि ज्या त्रैमासिकात तो छापला गेला ते चौथ्या अंकानंतर बंद पडलं. बाकीचे साठ मी दिले, एका बटणाने. पुढे जे घाणेरडं घडलं ते सांगताना मी बऱ्याच लोकांकडे बोट दाखवणार आहे, तेव्हा सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

मी ज्योत्स्ना ढोक, नागपूरच्या अभिलेख सांधणी केंद्रात तपासनीस. आमच्याकडे 'सांधा' नावाची यंत्रणा आहे. ग्रंथालयांत, कचेऱ्यांत, महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत शंभर-दीडशे वर्षांचा कागद पडून होता. तो सगळा छायाचित्रं काढून यंत्राला खाऊ घातला. प्रत्येक कागदावर कोणाचं तरी नाव असतं. ते नेमकं कोणत्या माणसाचं हे सांधा ठरवतो आणि त्या माणसाला एक क्रमांक देतो. मग त्या क्रमांकाखाली त्याचं जन्मभराचं लिखाण, नोकऱ्या, पत्रं, चौकशा, सगळं एका जागी येतं.

लांबलचक नावांचं काही अडत नाही. अडतं ते आखूड नावांशी. आपल्याकडे जुनी माणसं स्वतःच्या नावाचं एक अक्षर, बापाच्या नावाचं एक अक्षर आणि आडनाव एवढं लिहून मोकळी व्हायची. अशा वेळी सांधा आजूबाजूला बघतो. गाव कोणतं, साल कोणतं, विषय कोणता, कोणते शब्द पुन्हापुन्हा येतात, शेजारी कोणाची नावं आहेत. प्रत्येक खुणेला गुण देतो आणि शेवटी शेकडा किती खात्री आहे ते सांगतो. नव्वदच्या वर असेल तर स्वतःच जोडतो, सत्तरच्या खाली असेल तर सोडून देतो. मधलं आमच्याकडे येतं, माणसाच्या डोळ्यांखालून जावं म्हणून. खात्री म्हणजे सत्य नव्हे, हे आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दोनशे जोडण्यांचं लक्ष्य देतात.

त्या मंगळवारी पडद्यावर आलं: डी. एस. ढोक. यवतमाळ जिल्हा, १९७४ ते १९८३. खात्री त्र्याऐंशी टक्के.

खाली चार ढीग होते. पहिल्यात मुलांच्या हाडांवरचे बावन्न इंग्रजी निबंध. दुसऱ्यात गोंडी शब्दसंग्रहाचे सहा भाग. तिसऱ्यात सागाच्या किडीवरची दोन टिपणं. आणि चौथ्यात एकच निबंध: 'केळापूर भागातील दोनशे बारा विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड'. तो माझ्या बाबांचा.

बाबा पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत मदतनीस होते, म्हणजे बाटल्या धुणारे. त्यांच्या आधी झालेले तीन भाऊ वर्षाच्या आत गेले होते, म्हणून आजीने याचं नाव ठेवलं दगडू. दगड कोण उचलून नेतो? मूल जगलं, पण प्रयोगशाळेत हजेरी घेताना साहेब लोक हसायचे. बाबांनी मग जन्मभर डी. एस. एवढंच लिहिलं. रविवारी सायकलला प्लास्टिकच्या बाटल्या अडकवून तीन वर्षं ते गावोगावच्या विहिरींचं पाणी आणत राहिले. काचेची बाटली या कामाला चालत नाही, हे ते स्वतः चुका करत शिकले. साहेब घरी गेले की ते रंग जुळवून मोजत बसायचे. पाण्यात फ्लोराइड जरासं असलं तर दातांना बरं. जास्त झालं की दात तपकिरी होतात, मग हाडं धरतं, लहान मुलांचे गुडघे आत वळतात. दोनशे बारापैकी चौसष्ट विहिरींपुढे बाबांनी लाल फुली मारली होती. आजही जलविभागाच्या नकाशावर लाल खूण आहे ती त्या यादीवरून, आणि लाल खुणेच्या विहिरीवरचा हातपंप मुख्य कचेरीतून कुलूपबंद ठेवलेला असतो.

बाकीचे तीन ढीग बाबांचे नाहीत हे मला लख्ख ठाऊक होतं. बाबांना इंग्रजीत अर्ज लिहिता येत नाही. शिवाय नातेवाइकाची फाईल दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायची असा नियमही आहे. पण माझ्या मनात आलं, बाटल्या धुणाऱ्याच्या नावापुढे एकदा तरी एकसष्ट आकडा लागू दे. कोणाचं काय जातं? मी 'जोडा' दाबलं आणि डबा खायला गेले. डब्यात वांग्याची भाजी होती आणि ती मला त्या दिवशी फार चवदार लागली. आता आठवलं की माझीच मला शिसारी येते.

पंधरा दिवसांत केंद्राच्या लक्षात आलं की हाडं, भाषा आणि कीटक यांवर लिहिणारा एक थोर माणूस नागपुरात जिवंत आहे. लगेच शाल, श्रीफळ, मानपत्र. ज्या संचालकांनी मला पाच वर्षांत कधी बसायला सांगितलं नव्हतं, ते घरी येऊन बाबांच्या पाया पडले. मानपत्रात 'ऋषितुल्य' हा शब्द तीनदा होता.

बाबांनी मानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि माझ्याकडे ढकललं.

"हे माहं नाई," ते म्हणाले. "हाडांचं तर बिलकुलच नाई. त्या डॉक्टरचं काई माह्यात मिसळू नको, जोसना."

"कोण डॉक्टर?"

"होता एक. काढून टाक ते."

"राहू द्या ना बाबा. इतके दिवस कोणी विचारलं का तुम्हाला?"

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, म्हातारपणाचा संकोच असेल.

पुढच्या आठवड्यात तो डॉक्टर कोण ते कळलं, कारण त्याचा नातू केंद्रात आला. डॉ. अभिराम ढोक. आजोबांच्या नावाचं मोठं रुग्णालय चालवतो आणि आमच्या सल्लागार मंडळावरही आहे. सोबत एक पत्र्याची पेटी होती. पेटीतून त्याने आजोबांची पदवी काढली, दिवाकर शंकर ढोक यांच्या नावाची. परदेशी मासिकांच्या संपादकांची पत्रं काढली. अनाथ मुलींच्या एका वसतिगृहात दवाखान्याच्या पायरीवर घेतलेला त्यांचा फोटोही काढला. सगळं माझ्या टेबलावर मांडलं.

"हे बावन्न निबंध माझ्या आजोबांचे आहेत," तो म्हणाला. "कुठल्या तरी लॅब बॉयच्या नावावर ते गेलेच कसे? घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, मॅडम."

'लॅब बॉय' ऐकून माझं डोकं फिरलं. मी त्याची हरकत नोंदवून घेतली, सगळ्या कागदांची छायाचित्रं काढली आणि फाईल मुद्दाम ढिगाच्या तळाशी सरकवली. त्याच दिवशी ती पुढे पाठवली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

कारण पुढच्याच महिन्यात सांधाला वह्या सापडल्या. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरातून आलेल्या सात हस्तलिखित वह्या, प्रत्येकीवर सही डी. एस. ढोक, म्हणून त्याही बाबांच्याच क्रमांकाखाली. त्या मीच वाचल्या. वसतिगृहातल्या मुलींचे दोन गट केले होते. एका गटाला 'अ' पाणी, दुसऱ्याला 'ब'. 'ब' म्हणजे सगळ्यात जास्त फ्लोराइडच्या विहिरीचं पाणी, मुद्दाम आणवलेलं. हाडं वाकायला किती महिने लागतात ते बघायचं होतं. मुलींची नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. एका पानावर असं होतं: 'बालिका क्र. ४१. वय नऊ. पाणी ब, अडीच वर्षे. दोन्ही गुडघे आत वळले. रात्री रडते. प्रगती समाधानकारक. चालू ठेवावे.'

प्रगती समाधानकारक. मी वही मिटली.

वह्यांची बातमी मंडळापर्यंत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अभिरामने हरकत मागे घेतली. गैरसमजातून अर्ज केला होता म्हणाला. कुटुंबाचे खासगी कागद परत मागायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो त्याने वापरला, आणि पेटीतल्या कागदांची सगळी छायाचित्रंही यंत्रातून पुसली गेली. काल घराण्याची अब्रू म्हणून जो आजोबा छातीशी धरला होता, तोच आज घराबाहेर काढून आमच्या दारात आणून टाकला. शाल पांघरवणारे संचालक सुट्टीवर गेले.

राहिले एकटे बाबा. जोडणी माझी असली तरी दोष चिकटलेला क्रमांक तोडायला आता कागदोपत्री पुरावा लागणार होता. वर्तमानपत्रांत त्यांचा शाल पांघरलेला फोटो आला, खाली मथळा: 'मुलींची हाडं वाकवणारा ऋषी'.

याहून वाईट होता तो बादनियम. एखाद्या क्रमांकाखाली अमानुष प्रयोग सिद्ध झाला की त्या क्रमांकाचं सगळं लिखाण तीस दिवसांनी बाद होतं, आणि त्या लिखाणावर जे जे उभं आहे तेही. म्हणजे विहिरींची यादी बाद. यादी बाद झाली की नकाशावरच्या चौसष्ट लाल खुणा पांढऱ्या होणार आणि पंपांची कुलपं आपोआप उघडणार. मी जलविभागात फोन केला. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं की फेरतपासणी दोन वर्षांत होईल, आणि तोवर उन्हाळ्यात लोकांची सोयच झाली म्हणायची.

मी अभिरामच्या घरी गेले. त्याने आदराने बसवलं, चहा मागवला.

"पेटी तुमच्याकडेच आहे," मी म्हणाले. "ती पदवी, तो फोटो. एवढं परत दाखल करा. माझे वडील एकोणनव्वद वर्षांचे आहेत."

"म्हणूनच तर." त्याने बिस्किटांची बशी पुढे केली. "या वयात त्यांना कोण काय करणार? आमच्या रुग्णालयावर आजोबांचं नाव आहे, रोज सहाशे पेशंट येतात. त्यांचा विश्वास मोडायचा का?"

"आणि माझ्या वडिलांचं नाव?"

"ज्योत्स्नाताई, ती जोडणी तुमच्याच सहीने झालीय ना? मी मंडळावर आहे, मी पाहिलंय. तेव्हा मी काही बोललो नाही. आताही बोलणार नाही. शिवाय केंद्रात उपसंचालकाची जागा निघतेय, तिथे तुमच्यासारखी अनुभवी व्यक्ती असावी असं माझं मत आहे."

हे सगळं तो इतक्या गोड आवाजात बोलला की क्षणभर मला त्याचे आभार मानावेसे वाटले. चहा तसाच ठेवून मी उठले. रस्त्यावर आल्यावर कळलं, माझ्या हातात त्याचं बिस्कीट होतं.

यादी बाद व्हायला अकरा दिवस उरले असताना आमच्या दारी पार्बताबाई आल्या. वणीच्या बाजूने एसटीने आल्या होत्या. दोन काठ्या, आत वळलेले गुडघे, कमरेतून अशी ताठ झालेली पाठ की मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. वय त्र्याहत्तर. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "ढोक डॉक्टर इथंच राह्यते का?"

"तुम्ही कोण?"

"मी त्या होस्टेलातली, एकेचाळीस नंबर. पेपरात त्याचा फोटो पाह्यला. मले त्याले एक डाव डोळ्यानं पाहाचं हाय. थुकाचं हाय त्याच्या तोंडावर."

मी त्यांना आत घेतलं. दुसरं काय करणार? बाबा खाटेवर बसले होते. पार्बताबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हा नाई," त्या म्हणाल्या. "तो गोरा होता. त्याच्या कानाले चट्टा होता मोठा. हा तो नव्हं."

मला रडूच फुटलं. मी त्यांचे हात धरले, म्हटलं, "आजी, हे लिहून द्याल? सही कराल?"

"देतो ना. पन याले मी वयखतो." त्यांची नजर बाबांवरून हलली नव्हती. "हा पानी आननारा. सायकलीवर डब्बे घेऊन ये. दर बुधवारी."

मी बाबांकडे वळले. ते नाही म्हणतील याची मी वाट पाहत होते.

"होय," बाबा म्हणाले. "मीच आनत होतो."

"तपासायला आणत असाल," मी म्हणाले.

"पयल्यांदा मले तसंच सांगतलं. मंग म्हने, पोरींले धुन्यासाठी लागते. सत्तावन नंबरची इहीर, जोसना. माह्या यादीतली सगळ्यात खराब. त्यानं माही यादी वाचूनच निवडली. मी एकदा इचारलं, साहेब, हे पीत तर नाई ना पोरी? तो म्हने, तुले नोकरी पक्की करून पाहिजे ना?" त्यांनी चादरीची कड सारखी केली. "मंग मी नाई इचारलं."

"किती दिवस?"

"तीन साल."

पार्बताबाई म्हणाल्या, "आमी तुह्या सायकलीची घंटी आयकून पयत येत होतो. तू गोळ्या देत जाय लिमलेटच्या."

मी ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढले त्या माणसाकडे बघत होते, आणि मला त्यांच्या खाटेपासून दूर सरकावंसं वाटत होतं. डॉक्टरला, त्याच्या नातवाला, संचालकांना शिव्या घालणं किती सोपं होतं!

तरीही मी पार्बताबाईंचा जबाब लिहून घेतला, 'हा तो डॉक्टर नाही' एवढाच. पाण्याचं मी गाळलं. हो, गाळलं. केंद्रात जाऊन जबाब दाखल केला. अकरा सेकंदांत सांधाचं उत्तर आलं: साक्षीदाराचं नाव कोणत्याही संबंधित नोंदीत आढळत नाही, जबाब अग्राह्य. ते बरोबरच होतं. वहीत पार्बता नव्हती, क्रमांक एक्केचाळीस होता. बाईंचे वाकलेले गुडघे त्या पानाशी जुळवायला लहान मूलही पुरलं असतं, पण यंत्र नावाने जोडतं आणि त्यांना कोणी नाव दिलंच नव्हतं. चार परक्या माणसांना दोन अक्षरांवरून एक करणाऱ्या यंत्राला एक बाई तिच्या स्वतःच्या पायांशी जोडता येईना.

घरी येऊन सांगितलं तेव्हा दोघं बसलेच होते, एक खाटेवर, एक खुर्चीत.

"दुसरा काई रस्ता नाई?" बाबांनी विचारलं.

रस्ता एक होता, आणि तो मी आतापर्यंत मुद्दाम सांगितला नव्हता; आता सांगितला. केंद्राचा नियम असा की श्रेय नाकारायला कोणाचाही अंगठा चालतो, दोष नाकारायला मात्र पुरावा लागतो. बाबांनी लिहून दिलं असतं की विहिरींचा निबंध माझा नाही, तर तो त्यांच्या क्रमांकाखालून निघाला असता आणि 'लेखक अज्ञात' म्हणून शाबूत राहिला असता. खुणा लाल राहिल्या असत्या, कुलपं बंद राहिली असती. पण मग बाबांच्या नावावर त्यांचं स्वतःचं असं काही उरलंच नसतं. उरल्या असत्या फक्त त्या सात वह्या.

हे ऐकून बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते पार्बताबाईंना म्हणाले, "बाई, तुमी सांगा. मी काय करू?"

बाईंनी दोन्ही काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. "इहिरी बंद राह्यल्या पाह्यजे. अन् तो डॉक्टर तर सुटला. कोनाच्या तरी नावावर राहू दे ना माहे पाय. तुह्याच राहू दे. तू तर आनत होता."

"बरं," बाबा म्हणाले. मग मला, "कागद आन."

"बाबा, तीन वर्षं तुम्ही रविवार घालवले. तो निबंध तुमचा आहे."

"माहाच हाय. म्हून तर त्यानं वाचला. आन कागद."

त्यांनी सही करताना पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं. मी कागद केंद्रात नेला, अर्ज भरला, 'तोडा' दाबलं. त्या संध्याकाळी पार्बताबाईंना गाडीत बसवून दिलं. बाबा दारापर्यंत आले होते. त्या बाबांवर थुंकल्या नाहीत, की बाबांना रामरामही केला नाही.

चौसष्ट पंप बंद आहेत. यादी कोणी केली ते कोणाला ठाऊक नाही, आणि शाळेच्या एका पुस्तकात आता 'एका अज्ञात संशोधकाने' असं छापलंय. अभिरामच्या रुग्णालयात दिवाकर शंकर ढोक यांचा नवा फोटो लागला, हार घालून. उपसंचालकाची जागा मी घेतली नाही. ती ज्याला मिळाली तो माझ्याशी फार अदबीने वागतो. शेजारचे लोक आपल्या लहान मुलींना आमच्या अंगणात येऊ देत नाहीत. मी त्यांना काही समजावून सांगत नाही. काय सांगू? बाबा तो डॉक्टर नव्हते, नुसते पाणी आणायचे, हे सांगू?

बाबांची मी सेवा करते. वेळेवर औषध, मऊ भात, आंघोळीला गरम पाणी. आम्ही जेवायला समोरासमोर बसतो. मी ताटं वाढेपर्यंत ते पाण्याचे दोन पेले भरायचे, एक त्यांचा, एक माझ्याकडे सरकवायचे. पहिले काही दिवस मी म्हणायची, तहान नाही. मग उठून आत जायचं निमित्त काढायची आणि माठातून स्वतःचं स्वतः पिऊन यायची.

परवापासून ते एकच पेला भरतात.